दादाची ८०००ची रॅम आणि दुकानदाराचा बी६५० बोर्ड

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून २७ वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. त्या लग्नांचे आणि कार्यक्रमांचे व्हिडिओ एडिट करतात. शूटिंग जोडीदार सोनीच्या कॅमेऱ्यावर ४केमध्ये करून देतो, एडिटिंग त्या प्रीमिअर या अॅडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये करतात. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप आता दम टाकतो, म्हणून डेस्कटॉप जोडायचा आहे. स्वतःची बचत आणि आईची भिशी मिळून सव्वा लाख जमलेत. प्रोसेसर रायझन ५ ७६०० ठरला आहे. पुढे घोडं अडलंय. गावातल्या दुकानदाराची यादी अशी: बी६५० मदरबोर्ड, ५६०० स्पीडच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, नवं आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड. पुण्यातला मामेभाऊ, म्हणजे दादा, ही यादी बघून हसला. त्याच्या यादीत एक्स८७०ई बोर्ड आणि ८००० स्पीडची रॅम आहे, आणि बजेटात बसावं म्हणून नव्या कार्डाऐवजी वापरलेलं आरटीएक्स ३०६०. त्याचं म्हणणं, 'बोर्ड आणि रॅम एकदाच घेतात, कार्ड काय, कधीही बदलता येतं.' मशीन तोच फुकट जोडून देणार आहे. त्या विचारतात: कमी स्पीडची रॅम घेतली तर मशीन पहिल्या दिवसापासूनच मागे पडेल का? स्वस्त बोर्ड दोन वर्षांत जाईल का? आणि दादाला नाही कसं म्हणायचं?

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रॅमचा स्पीड, बोर्ड, दादा, दुकानदार सगळे त्यात आहेत. एक माहिती मात्र नाही, आणि माझ्या मते निर्णय तिच्यावरच फिरतो: जोडीदार कॅमेऱ्यात कुठल्या सेटिंगवर शूट करतो? त्याला आजच फोन करून विचारा की फाइल ८-बिट ४:२:० असते की १०-बिट ४:२:२ (दुसऱ्या प्रकारात रंगांची माहिती जास्त साठवलेली असते). सोनीच्या अलीकडच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत दोन्ही पर्याय असतात. आणि कलर ग्रेडिंग नीट करता यावं, वधूच्या शालूचा रंग बिघडला तर सावरता यावा, म्हणून बरेच जण १०-बिट ४:२:२ निवडतात.

हे इतकं महत्त्वाचं का? टाइमलाइनवर प्ले दाबलं की त्या फाइलचं दाबून ठेवलेलं चित्र मशीनला दर सेकंदाला उलगडावं लागतं. हे काम ग्राफिक्स कार्डातल्या खास भागानं केलं तर व्हिडिओ सरळ पळतो. त्या भागाला तो प्रकार कळत नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या सहा कोअरवर येतो आणि दोन-तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं की चित्र अडखळायला लागतं. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ४:२:२ उलगडण्याची सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. ३०६० मध्ये ती नाही, ४०६० मध्येही नाही. प्रीमिअरनं ही सोय २०२५मधल्या आवृत्त्यांपासून वापरायला सुरुवात केली. म्हणजे तुमच्या फाइल ४:२:२ असतील, तर दादाच्या यादीत तुमच्या रोजच्या कामाचा सगळ्यात मोठा फायदाच कापला गेला आहे, आणि तो कापून जे विकत घेतलं आहे त्याचा तुम्हाला जवळजवळ काही उपयोग नाही.

'जवळजवळ काही उपयोग नाही' हे मोठं विधान आहे. दादा ते वाचून पुन्हा हसेल, म्हणून आकड्यांनिशी सांगते.

रॅमवरचा ६००० किंवा ८००० हा आकडा दर सेकंदाला किती दशलक्ष वेळा माहितीची देवाणघेवाण होते ते सांगतो. प्रत्येक वेळी एका स्टिकमधून ८ बाइट जातात. ६०००ची एक स्टिक म्हणजे सेकंदाला ४८ जीबी, दोन स्टिक दोन चॅनलमध्ये लावल्या की ९६ जीबी. ८०००च्या दोन स्टिक म्हणजे १२८ जीबी. कागदावर फरक घसघशीत आहे, दादाचा हिशोब बरोबर आहे. पण रायझन ५ ७६०० मध्ये सहाही कोअर एकाच चिपवर असतात आणि मेमरीचा ताबा असलेली चिप वेगळी असते. या दोघींमधला जो दुवा आहे, एएमडी त्याला इन्फिनिटी फॅब्रिक म्हणते, तो साधारण २००० मेगाहर्ट्झवर चालतो आणि वाचताना घड्याळाच्या दर ठोक्याला ३२ बाइट पुढे नेतो. गुणाकार करा: सेकंदाला ६४ जीबी. म्हणजे ६०००ची रॅमच या दुव्याला पेलवते त्यापेक्षा जास्त माल आणून उभी करते. तुमच्याकडे कारखान्याच्या यार्डात उसाच्या ट्रॉल्या दुप्पट आल्या म्हणून गाळप दुप्पट होत नाही, गव्हाणीत मावेल तेवढाच ऊस आत जातो. ८०००ची रॅम ही यार्डातल्या जादा ट्रॉल्यांसारखी आहे.

दुसरी अडचण याहून बारीक आहे, पण दादाला नक्की माहीत असणार. या प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर साधारण ६०००पर्यंत, नशीब चांगलं असेल तर ६४००पर्यंत, रॅमच्या घड्याळाशी जोडीनं चालतो. रॅम ६००० असेल तेव्हा घड्याळ ३००० मेगाहर्ट्झचं आणि कंट्रोलरही ३०००चा. ८००० लावली की कंट्रोलरला ते झेपत नाही, तो अर्ध्या गतीवर उतरतो, म्हणजे २००० मेगाहर्ट्झवर. रॅम पळते, तिला हुकूम देणारा मागे राहतो. खुद्द एएमडीनंच या प्रोसेसरांसाठी ६००० हा मधला चांगला आकडा म्हणून सांगितला होता. अधिकृत कमाल तर त्याहून कमी, ५२०० आहे. त्यापुढचं सगळं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपुढे पळवणं, धरलं जातं.

मग दुकानदाराची ५६०० बरोबर? बरीचशी. इथे एक दुसरा आकडा बघायचा, जो दुकानात कुणी सांगत नाही आणि ग्राहकही विचारत नाही: सीएल. मागितलेली माहिती देण्याआधी रॅम किती ठोके थांबते ते हा आकडा सांगतो. ठोके किती लांब आहेत ते स्पीडवर ठरतं, म्हणून दोन्ही एकत्र बघावे लागतात. सीएलला दोन हजारांनी गुणून रॅमच्या आकड्यानं भागलं की नॅनोसेकंद मिळतात. ६००० सीएल३०: १० नॅनोसेकंद. ५६०० सीएल४६, जी साध्या हिरव्या पट्टीत मिळते: सुमारे १६.४. ८००० सीएल४०: पुन्हा १०च. आणि गंमत बघा, रॅमच्या आधीच्या पिढीतल्या, म्हणजे डीडीआर४ मधल्या (आताची डीडीआर५), ३२०० सीएल१६ चं उत्तरही १०च येतं. डब्यावरचा आकडा अडीचपट झाला, पहिल्या थेंबासाठी थांबणं तेवढंच राहिलं.

तेव्हा ५६०० सीएल४६ आणि ६००० सीएल३० यांच्यात माझी पसंती दुसरीला आहे, पण अट घालून. एडिटिंगमध्ये या दोघींतला फरक एक-आकडी टक्क्यांतला असतो. समजा तासाभराचं एक्सपोर्ट दोन टक्क्यांनी लवकर संपलं, तर वाचतो एक मिनिट आणि वर काही सेकंद. तेवढ्यात चहासुद्धा होत नाही. म्हणून दोन्हींच्या किमतीत दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर ६००० सीएल३० किंवा सीएल३६ घ्या. त्याहून जास्त असेल तर ५६०० घेऊन मोकळ्या व्हा. 'मशीन पहिल्या दिवसापासून मागे पडेल का' याचं उत्तर: नाही, आणि चौथ्या वर्षीही या कारणानं पडणार नाही.

भाव एकाच दिवशी विचारा, हेही लगेच सांगून ठेवते. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे दर असे चढले की काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट झाले. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे रॅमच्या स्टिकवरच्या चिप, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात, आणि त्यांचं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळलं आहे. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशिअल' हा सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत मागच्या आठवड्यातलं कोटेशन आणि आजचं कोटेशन यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. आणि अशाच दिवसांत स्पीडसाठी जादा मोजणं सगळ्यात महागात पडतं, कारण प्रत्येक जीबीच महाग झालाय.

आता स्पीड बाजूला ठेवून किती जीबी याच्याकडे या. तुमचा लॅपटॉप दम टाकतो असं तुम्ही लिहिलंय. तो कशानं दम टाकतो हे तुम्ही पाहिलंय का? एखादं मोठं लग्न उघडून, नेहमीसारखी टाइमलाइन लावून, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या खाली मेमरी बघा. १६ पैकी १५ जीबीच्या आसपास भरलेली दिसली तर खरा शत्रू सापडला. रॅम भरली की विंडोज उरलेली माहिती एसएसडीवर, म्हणजे फाइल साठवायच्या ड्राइव्हवर, ठेवायला लागतं. रॅमपर्यंत पोचायला शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात, चांगल्या एसएसडीपर्यंत पोचायला पन्नास मायक्रोसेकंदांच्या आसपास, आणि एक मायक्रोसेकंद म्हणजे हजार नॅनोसेकंद. शेकडो पटींचा फरक आहे हा. ५६०० की ६००० यावर वाद घालणारी मंडळी दोन-चार टक्क्यांवर भांडत असतात आणि इकडे मशीन शेकडो पटींनी मंद असलेल्या जागी माहिती शोधत असतं. अॅडोबी स्वतः ४के कामासाठी ३२ जीबी किंवा जास्त सांगते. तुमच्यासाठी ३२ हा पाया धरा. त्याच्या खाली येऊ नका, भाव कितीही चढलेला असो.

ते ३२ कसे घ्यायचे, इथे मात्र बऱ्याच जणांची फसगत होते. 'आत्ता १६-१६ च्या दोन, पुढे पैसे आले की आणखी दोन, म्हणून चार स्लॉटचा बोर्ड' हा विचार डीडीआर४ च्या काळात ठीक होता. डीडीआर५ मध्ये चारही स्लॉट भरले की मेमरी कंट्रोलरवर ताण येतो; एएमडी चार स्टिकसाठी अधिकृतपणे ३६०० एवढाच स्पीड देते. नशिबानं थोडा जास्त मिळतो, पण त्या नशिबावर लग्नसराईत भरवसा ठेवू नये. त्यातून पुढे घेतलेली जोडी आधीच्या जोडीशी जुळेलच असंही नाही, डब्यावर नाव आणि नंबर तोच असला तरी आतल्या चिप बदललेल्या असू शकतात. म्हणून एकाच डब्यातल्या दोन स्टिकची जोडी घ्यायची. पुढे ६४ लागलेच तर ही जोडी विकून ३२-३२ ची घ्यायची. असा विचार केला की चार स्लॉटचा आग्रह आपोआप गळतो. दोन स्लॉटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड तुम्हाला चालेल, उलट कमी स्लॉट म्हणजे रॅमसाठी रस्ता जरा स्वच्छच.

आणि दुकानदार 'सध्या एकच ३२ ची लावा, दुसरी नंतर' म्हणाला तर नको म्हणा. एका स्टिकवर एकच चॅनल चालतो, म्हणजे बँडविड्थ थेट अर्धी. दादाच्या ८००० नं जे मिळणार नव्हतं, त्याच्या कितीतरी जास्त इथे हातचं जाईल.

आता बोर्ड. तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलंय: महाग बोर्ड जास्त टिकतो. यामागचा तर्क असा असतो की महाग बोर्डाचा वीजपुरवठा, म्हणजे प्रोसेसरच्या बाजूचे ते व्हीआरएम, दणकट असतात. असतातच. पण ते रायझन ९ ७९५०एक्ससारख्या प्रोसेसरसाठी, जो २३० वॅटपर्यंत ओढतो. तुमचा ७६०० फार तर ८८ वॅट घेतो. नावाजलेल्या कंपनीच्या मधल्या किमतीच्या बी६५० बोर्डाला हा भार काहीच नाही. व्हीआरएमवर धातूचा हीटसिंक आहे ना एवढं बघा आणि पुढे चला.

आपल्याकडे बोर्ड जातात ते बहुतेक विजेनं. दाब वरखाली होणं, अर्थिंग नुसतं नावाला असणं, वळवाच्या पावसात कडकडाट सुरू असताना मशीन चालू ठेवणं. एक्स८७०ई यातल्या कशालाच रोखत नाही. बोर्डात वाचलेल्या पैशातून आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्या, ६५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय घ्या आणि १००० व्हीएच्या आसपासचा यूपीएस. प्रोसेसर ८८, आरटीएक्स ५०६० चे १४५, वर बाकीचं आणि मॉनिटर धरला तर तीनशे वॅट सहज होतात, तिथे ६०० व्हीएचा छोटा यूपीएस काठावर येतो. हा सगळा खर्च फोटोत दिसत नाही, मित्रांना दाखवता येत नाही. पण मुहूर्ताच्या महिन्यात मशीन चालू राहतं ते याच्यामुळे.

एक्स८७०ई मध्ये जादा काय मिळतं तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. वेगवान यूएसबी४, एसएसडी बसवायचे जास्त एम.२ स्लॉट, आणि ग्राफिक्स कार्डाला बोर्डाशी जोडणारा पीसीआयई ५.० हा रस्ता. यातलं पीसीआयई ५.० तुमच्यासाठी दिखाऊ आहे. ५०६० मुळात या रस्त्याच्या आठच लेन वापरतं आणि त्या आधीच्या ४.० वर सेकंदाला सुमारे १६ जीबी नेतात, एडिटिंगला ते पुष्कळ झालं. यूएसबी४ चा उपयोग तेव्हा, जेव्हा तुम्ही बाहेरच्या वेगवान ड्राइव्हवरून थेट एडिट करता. तसं करत असाल तर मात्र माझं म्हणणं थोडं बदलेल, तेव्हा एक्स८७० चा, ई नसलेला, साधा बोर्ड बघायला हरकत नाही.

तुम्ही बोर्ड निवडताना मागच्या आणि आतल्या जागा मोजा, चिपसेटचं नाव नंतर. एम.२ चे किमान दोन स्लॉट, एक विंडोज आणि प्रीमिअरसाठी, दुसरा चालू कामाच्या फुटेजसाठी. जुन्या लग्नांच्या हार्ड डिस्क जोडायला साटाचे चार पोर्ट. कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी-सीसाठी बोर्डावर जोडणी आहे का ते बघा, कारण कार्ड रीडर रोज तिथेच लागणार. आणि एक छोटं बटण: बायोस फ्लॅशबॅक. पेन ड्राइव्ह लावून, प्रोसेसर नसतानासुद्धा, बोर्डाचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, त्यानं नवं करता येतं. हे बटण मी गरजेच्या यादीत ठेवते. पुढे कधी रायझन ९००० मालिकेतला प्रोसेसर टाकावासा वाटला, तर जुन्या बायोसचा बोर्ड तो ओळखणारही नाही; बटण असेल तर पेच उरत नाही. एएमडीनं एएम५ सॉकेटला, म्हणजे या बोर्डांवरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेला, २०२७ आणि त्यापुढेही साथ देण्याचं जाहीर केलं आहे. तेव्हा दादाचं 'बोर्ड एकदाच घेतात' हे वाक्य खरं आहे, फक्त ते बी६५० लाही तितकंच लागू पडतं.

बोर्डाच्या डब्यावर '८०००+ ओसी' (ओसी म्हणजे ओव्हरक्लॉकिंग) असं छापलेलं असतं त्याबद्दल एकच सांगते. तो आकडा कंपनीनं निवडक प्रोसेसर आणि निवडक स्टिक घेऊन गाठलेला असतो. तुमच्या प्रोसेसरचं वचन त्यात नाही. त्यापेक्षा बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलखाली तपासलेल्या रॅमची यादी असते, तिच्यात आपल्या स्टिकचा पूर्ण नंबर आहे का ते शोधा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता दुसऱ्या बाजूचं. दादाच्या यादीतल्या ३०६० ला १२ जीबी मेमरी आहे आणि ५०६० ला ८ च. ४के टाइमलाइनवर जड इफेक्ट, नॉइज रिडक्शन वगैरे रचत गेलात तर ८ जीबी तोकडी पडते, हा मुद्दा खरा आहे आणि दादानं तो मांडला असेल तर मान द्या. जोडीदाराच्या फाइल ८-बिट ४:२:० असतील आणि पुढेही तशाच राहणार असतील, तर ३०६० हा वेडगळ पर्याय नाही. पण वापरलेलं कार्ड कुणी, कुठे, किती तास तापवलंय कळत नाही, त्यामुळे वॉरंटी शिल्लक असेल आणि मूळ बिल मिळत असेल तरच. माझ्या हातात तुमचे सव्वा लाख असते तर बोर्ड-रॅममध्ये वाचलेले पैसे घेऊन मी १६ जीबीचं ५०६० टीआय बजेटात बसतं का ते आधी बघितलं असतं. बसलं नाही तर साधं ५०६०.

प्रोसेसर ठरला आहे असं तुम्ही म्हणता, म्हणून त्याला फार हात लावत नाही. तरी एवढं नोंदवून ठेवा की इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सला एच.२६५ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीतलं १०-बिट ४:२:२ उलगडता येतं, फक्त नावापुढे 'एफ' असलेले मॉडेल टाळायचे कारण त्यांत ते ग्राफिक्सच नसतं. महाग कार्ड परवडत नाही पण ४:२:२ फाइल येतात, अशा एडिटरसाठी तो रस्ता आहे. आणि इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे बोर्ड डीडीआर४ चेही मिळतात, डीडीआर५ चेही. घरात डीडीआर४ च्या चांगल्या स्टिक पडून असतील तर आजच्या भावात हा फरक लहान नाही. मात्र बोर्ड घेताना नीट वाचा: दोन्ही प्रकारच्या स्टिकना पिना २८८च, पण खाच वेगळ्या जागी, एक दुसऱ्यात बसत नाही. तेरावी-चौदावी पिढी घेणाऱ्यांनी बायोस नवं केल्याशिवाय कामाला सुरुवात करू नये. त्या प्रोसेसरांमधला जादा व्होल्टेजचा दोष इंटेलनं २०२४ मध्ये बायोसमधल्या मायक्रोकोडनं दुरुस्त केला आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली.

तुमच्यासारखीच पत्रं गेमिंगवाल्या मुलांचीही येतात, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. ७८००एक्स३डीसारखा मोठ्या कॅशचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतच जादा मेमरी असलेला, प्रोसेसर असेल तर रॅमच्या स्पीडचा परिणाम आणखी कमी होतो, ५६०० नंही काम भागतं. याउलट ग्राफिक्स कार्डच घेणार नसाल आणि ८६००जीसारख्या प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्सवर खेळणार असाल, तर रॅमच्या स्पीडला खरंच पैसे मोजावेत, कारण तिथे तीच रॅम ग्राफिक्सची मेमरी असते. दादाचा सल्ला या एका माणसाला अगदी बरोबर लागू झाला असता.

दादाकडे येते. तुम्ही लिहिलंय, 'त्याला नाही म्हटलं तर तो जोडून देईल का?' मला वाटतं हा प्रश्न जरा अन्याय करतो त्याच्यावर. तो तुम्हाला गंडवत नाहीये. तो स्वतःसाठी जे मशीन जोडेल तेच तुमच्यासाठी जोडू पाहतोय, त्यात माया आहे. फक्त त्यानं तुमची टाइमलाइन कधी बघितलेली नाही. तेव्हा 'दुकानदार असं म्हणाला' हे वाक्य त्याच्यासमोर अजिबात नको, तिथे वाद सुरू होईल. त्याऐवजी जोडीदाराची एक खरी ४:२:२ फाइल त्याला पाठवा आणि म्हणा, 'दादा, अशा तीन फाइल एकावर एक लावल्यावर ३०६० वर कशा चालतात ते कुठे तपासता येईल का?' ज्याला मशीनची आवड आहे तो हे तपासल्याशिवाय झोपणार नाही. उत्तर त्याच्याच हातून येऊ द्या.

आणि त्याचा हौसेचा वाटा काढून घेऊ नका. ६००० सीएल३० च्या जोड्यांमध्ये बहुधा हायनिक्सच्या चिप असतात आणि त्यांचे टायमिंग घट्ट करत बसणं हा या मंडळींचा आवडता उद्योग आहे. ते काम त्याला द्या. ८००० विकत घेऊन जेवढं मिळालं नसतं, तेवढं त्याच्या एका रविवारच्या खटपटीत मिळू शकतं, आणि फुकट.

जोडणीच्या दिवशीचं थोडं सांगून ठेवते, कारण घाबरवणाऱ्या गोष्टी याच दिवशी घडतात. दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, चार स्लॉटचा बोर्ड असेल तर. पहिल्यांदा बटण दाबलं की पडदा काही मिनिटं काळाच राहतो. एएम५ चं मशीन तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतं. बोर्डावरचा रॅमचा दिवा पेटलेला दिसेल. याच वेळी घाबरून वीज बंद करणारे आणि 'बोर्ड डेड आलाय' म्हणून दुकानात धावणारे खूप आहेत. चहा करून या.

पडदा उजळला की आधी बायोस नवं करायचं, यूपीएसवर, वीज जाण्याची वेळ टाळून. मध्येच वीज गेली तर बोर्ड खरंच डेड होऊ शकतो. २०२३ मध्ये एक्स३डी प्रोसेसर जळण्याचे प्रकार झाले, तेव्हा एएमडीनं बायोसमधूनच प्रोसेसरच्या एका भागाला मिळणाऱ्या 'एसओसी' व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्यामुळे जुन्या साठ्यातला बोर्ड मिळाला असेल तर हे काम टाळू नका. त्यानंतर बायोसमध्ये एक्स्पो, म्हणजे रॅमला डब्यावरच्या स्पीडवर चालवणारी सोय, चालू करायचं. ते केलं नाही तर ६०००ची रॅम साधारण ४८०० वरच चालत राहते, आणि वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही. एक्स्पो चालू करणं एएमडीच्या कागदोपत्री नियमांत ओव्हरक्लॉकिंगच आहे आणि त्यानं प्रोसेसरच्या वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो, हे माहीत असू द्या. ज्यांना तेवढीही जोखीम नको, त्यांनी दुकानदाराची साधी ५६०० घेऊन ती अधिकृत ५२०० च्या आतच चालवावी, त्यात काही कमीपणा नाही. मशीनमधल्या भागांची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये ६०००च्या जागी ३००० दिसलं तर फसवलं म्हणून भांडू नका, तिथे घड्याळाचा आकडा दिसतो, देवाणघेवाणीचा नाही.

बिल पक्कं घ्या, १८ टक्के जीएसटी धरून, आणि बोर्ड, रॅम, कार्ड या तिन्हींचे सिरिअल नंबर त्यावर लिहून घ्या. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याहून बिनबिलाचं दोन हजारांनी स्वस्त पडतंय असं कुणी सांगेल. वॉरंटीसाठी बोर्ड पाठवायची वेळ आली की त्या दोन हजारांची आठवण येते. गावातल्या दुकानदाराचा भाव थोडा जास्त असला तरी 'खराब निघालं तर कंपनीकडे पाठवायचं काम कोण करणार' हे त्याला तोंडावर विचारा. तो 'मी' म्हणाला तर त्या जादा पैशांना अर्थ आहे.

शेवटी दादा जायच्या आधी मेमटेस्ट८६ ही रॅमच्या चुका शोधणारी चाचणी रात्रभर लावून ठेवा. आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात, दुपारी, पुन्हा एकदा. जानेवारीत निर्धोक चाललेली रॅम खोली तापल्यावर चुका करू शकते. अशी चूक कधी एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये कुजबुजते, कधी निळा पडदा होऊन ओरडते. एक जरी चूक दिसली तरी स्पीड एक पायरी खाली, ५६०० वर आणा आणि चाचणी पुन्हा लावा. तिथेही चुकली तर स्टिक बदलून घ्या, बिल आहेच.